लाइन मोकळी असताना सगळं ठीक: बफरब्लोटचं प्रकरण

२०१० साली जिम गेटिस बेल लॅब्जमध्ये काम करत होते. मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या घरून ते एमआयटीतल्या एका सर्व्हरवर मोठ्या फायली चढवत होते. घरापासून एमआयटी फार लांब नाही. लाइन मोकळी असताना पिंगचं, म्हणजे समोरचं यंत्र किती वेळात उत्तर देतं ते पाहणाऱ्या छोट्या संदेशाचं, उत्तर साधारण १० मिलिसेकंदांत यायचं. फायली जायला लागल्या की तोच पिंग एक सेकंदाच्या पुढे जायचा आणि घरातलं बाकीचं इंटरनेट बसायचं. कॉपी थांबवली की थोड्याच वेळात सगळं पूर्ववत.

गेटिस म्हणजे युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमच्या मूळ निर्मात्यांपैकी एक आणि वेबमागच्या एचटीटीपी १.१ च्या मानकाचे संपादक. अशा माणसालाही घरच्या लाइनला काय झालंय हे पटकन सांगता येईना, यावरूनच हा दोष किती बेमालूम लपलेला होता ते कळतं. हा दोष म्हणजे बफरब्लोट: वाटेतल्या यंत्रांत डेटा तात्पुरता थांबवायची जागा, म्हणजे बफर, गरजेपेक्षा फार मोठी असणं.

आपण नेटवर्क तपासतो ते बहुतेक वेळा दोन हत्यारांनी: स्पीड टेस्ट आणि पिंग. या आजारात दोन्ही खरं बोलतात, तरी आजार दिसत नाही. जुनी स्पीड टेस्ट फक्त वेग मोजते आणि वेग पूर्ण मिळतच असतो. पिंग आपण मारतो तो बाकी काही चालू नसताना, तेव्हा लेटन्सी, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, उत्तमच असते. तक्रार करायला फोन केला की पलीकडून सांगतात, मोडेम बंद करून चालू करा. तसं केलं की खरंच बरं वाटतं, कारण मोडेममध्ये साचलेली रांग पुसली जाते आणि चाललेलं अपलोड तुटतं. दोष जिथल्या तिथेच राहतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की लाइनवर भार टाकून, त्या भारातच लेटन्सी मोजली पाहिजे. गेटिस यांचं प्रकरण त्याचा सर्वांत चांगला पुरावा आहे.

त्यांनी आधी स्मोकपिंग लावलं. हे साधन ठरावीक अंतराने पिंगचे झुबके पाठवून त्यांचा आलेख काढत राहतं, त्यामुळे लेटन्सी नेमकी कधी चढली आणि त्या वेळी काय चालू होतं हे शेजारी शेजारी दिसतं. मग वायरशार्कने पॅकेटं, म्हणजे डेटाचे जाणारे-येणारे तुकडे, पकडली आणि ती टीसीपीट्रेसमधून काढून आलेखावर मांडली.

टीसीपीट्रेसच्या आलेखावर जरा थांबतो, कारण तो वाचता आला तर अर्धं निदान तिथेच होतं. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर बाइटचा अनुक्रमांक. एक रेघ पाठवलेल्या डेटाची, तिच्याखाली दुसरी रेघ मिळालेल्या पोचेची, म्हणजे ॲकची. दोन रेघांमधलं आडवं अंतर म्हणजे पाठवल्यापासून पोच येईपर्यंत लागलेला वेळ. उभं अंतर म्हणजे त्या क्षणी वाटेत असलेला डेटा. निरोगी जोडणीत या रेघा एकमेकींना बिलगून वर चढतात. बफर फुगलेला असेल तर चढ तोच राहतो, पण रेघा एकमेकींपासून लांब लांब सरकत जातात. वेग वाढलेला नाही, वाटेतला डेटा मात्र वाढत चाललाय, तर तो आहे कुठे? मधल्या कुठल्यातरी रांगेत. शेवटी ती रांग भरते, पॅकेटं गळतात आणि डुप्लिकेट पोचांची आणि पुनर्प्रेषणांची लाट येते. गेटिस यांना अशा लाटा दिसल्या आणि टीसीपी, म्हणजे डेटा पोचवण्याची आणि वेग ठरवण्याची इंटरनेटची नियमावली, असं वागायला नको हे त्यांना खटकलं.

टीसीपी कसं वागायला हवं हे ठरलं १९८६ नंतर. त्या वर्षी ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातली ३२ केबीपीएसची (सेकंदाला ३२ हजार बिट) जोडणी कोसळून ४० बीपीएसवर आली होती. अंतर जेमतेम ४०० यार्ड. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी त्यावर काढलेला तोडगा १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही इंटरनेट त्याच पायावर उभं आहे: पाठवणाऱ्याने हळूहळू वेग वाढवत जायचं, आणि पॅकेट गळालं की वाट भरली असं समजून माघार घ्यायची. गळालेलं पॅकेट हा निरोप आहे. तो वेळेवर पोचला तरच पाठवणारा सावरतो. (वायरशार्क ज्या लिबपीकॅपवर पॅकेटं पकडतं तेही याच प्रयोगशाळेतून, टीसीपीडंपबरोबर आलेलं आहे. तोडगा आणि तो तपासायचं साधन एकाच घरचं.)

आता हिशेब मांडू. समजा अपलोडचा वेग २ एमबीपीएस आहे आणि मोडेममध्ये २५६ किलोबाइटचा बफर आहे. तो पूर्ण भरला तर रिकामा व्हायला एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. १० मिलिसेकंदांच्या वाटेवर २ एमबीपीएसची लाइन भरलेली ठेवायला लागतात २,५०० बाइट, म्हणजे दोन पॅकेटंसुद्धा पूर्ण नाहीत. दोन पॅकेटांची गरज आणि पावणेदोनशेची सोय. टीसीपी बिचारं प्रामाणिकपणे वेग वाढवत जातं, कारण त्याला कुणी नाही म्हणतच नाही. बफर पॅकेटं गिळत राहतो आणि निरोप सेकंदभर उशिरा येतो. तिकिटाच्या खिडकीसमोरची रांग लांब केली म्हणून खिडकीतला माणूस काही भरभर तिकिटं फाडत नाही.

हे फक्त मोडेममध्येच नव्हतं. लिनक्समध्ये इथरनेटच्या पाठवण्याच्या रांगेची प्रचलित लांबी १,००० पॅकेटं होती. गिगाबिटच्या तारेवर ही रांग १२ मिलिसेकंदांत सरते, १०० एमबीपीएसवर १२० मिलिसेकंदांत, आणि २ एमबीपीएसवर तिला ६ सेकंद लागतात. आकडा तोच, पण वेग खाली आला की औषधाचं विष होतं. वायफायचा वेग तर खोलीगणिक बदलतो, त्यामुळे तिथे कुठलाही एक आकडा बरोबर ठरूच शकत नाही.

बफर इतके का फुगले? मेमरी स्वस्त झाली, उपकरणांची परीक्षा फक्त वेगावर होत राहिली, आणि पॅकेट गळणं म्हणजे दोष अशी समजूत घट्ट बसली. खरं तर जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच, आरएफसी ९७० या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात, अमर्याद साठवण असलेल्या नेटवर्कमध्येही गर्दीचा प्रश्न सुटत नाही हे दाखवून दिलं होतं. सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी १९९३ मध्ये रेड नावाची पद्धत मांडली, ज्यात रांग भरण्याआधीच थोडी पॅकेटं गाळली जातात. पण तिचे मापदंड प्रत्येक लाइनसाठी हाताने जुळवावे लागत आणि चुकले तर वेग पडे. म्हणून बहुतेकांनी ती चालूच केली नाही.

गेटिस यांनी आपली निरीक्षणं जेकबसन यांच्यासारख्या जाणकारांपुढे ठेवली. बर्कलीच्या आयसीएसआय संस्थेचं नेटॅलायझर हे साधन तेव्हा जगभरच्या घरगुती लाइनींची मोजमापं गोळा करत होतं. फुगलेले बफर तिथेही ठिकठिकाणी दिसत होते. दुखणं एका घराचं नव्हतं. गेटिस यांनी त्याला बफरब्लोट हे नाव दिलं आणि नोव्हेंबर २०११ मध्ये कॅथलीन निकोल्स यांच्याबरोबर एसीएम क्यू या संगणकविषयक नियतकालिकात त्यावर सविस्तर लेख लिहिला.

हे सगळं लॅपटॉपवर पुन्हा उभं करता येतं, आणि नेटवर्कवर चालणारं काहीही बनवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी ते करावं. लिनक्सचं यंत्र पुरतं. तीन नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे एकाच यंत्रातली तीन स्वतंत्र नेटवर्कं, बनवायच्या: घर, राउटर, सर्व्हर. त्या व्हीइथच्या, म्हणजे आभासी तारांच्या, जोड्यांनी जोडायच्या. राउटरच्या सर्व्हरकडे जाणाऱ्या टोकावर एचटीबी या वेग बांधणाऱ्या साधनाने वेग २ एमबीपीएसवर बांधायचा आणि त्याखाली १७० पॅकेटांची आलेल्या क्रमाने सोडणारी साधी पीफिफो रांग ठेवायची. सर्व्हरच्या परतीच्या टोकावर नेटएम या कृत्रिम उशीर घालणाऱ्या साधनाने १० मिलिसेकंदांचा उशीर घालायचा. नेटएम हे स्टीफन हेमिंगर यांचं काम. त्याच्या आधी इटलीतल्या पिसा विद्यापीठातल्या लुइजी रिझो यांचं डमीनेट फ्रीबीएसडीवर हेच करत असे. त्यावरचा त्यांचा लेख १९९७ चा आहे.

इथे पुष्कळांचा प्रयोग पहिल्याच पायरीवर बिघडतो आणि बिघडलाय हे कळतही नाही. पहिली गोष्ट ऑफलोडची. लिनक्समध्ये टीसीपी आपली पॅकेटं बांधून चौसष्ट किलोबाइटपर्यंतचे गठ्ठे खाली पाठवतं. खऱ्या नेटवर्क कार्डवर ते तुटून १,५०० बाइटचे होतात, पण व्हीइथवर ते तसेच्या तसे पुढे जातात. मग तुमच्या रांगेत १७० पॅकेटं आहेत की १७० गठ्ठे, हे सांगता येत नाही आणि सगळा हिशेब कोसळतो. म्हणून ईथटूल या आज्ञेने तिन्ही ठिकाणी गठ्ठे बांधणाऱ्या टीएसओ, जीएसओ आणि जीआरओ या सोयी बंद केल्याशिवाय एकही आकडा खरा मानू नये.

दुसरी गोष्ट नेटएमच्या स्वतःच्या रांगेची. उशीर लावायचा म्हणजे पॅकेटं तेवढा वेळ धरून ठेवायची, आणि ती धरून ठेवायला जागा लागते. नेटएमची ठरलेली मर्यादा १,००० पॅकेटांची आहे. गिगाबिटच्या लाइनवर १०० मिलिसेकंद उशीर लावला तर आठ हजारांहून जास्त पॅकेटं धरावी लागतील. मर्यादा वाढवली नाही तर ती लाइन फार तर १२० एमबीपीएसची उरते. मग लांबच्या सर्व्हरवर टीसीपी किती मंद आहे असा निष्कर्ष निघतो, आणि तो अहवालातही जातो.

याशिवाय नेटएम फक्त बाहेर जाणाऱ्या दिशेला लागू होतं. आत येणाऱ्या दिशेला काही करायचं तर आयएफबी या आभासी इंटरफेसची वाट धरावी लागते. जे यंत्र डेटा पाठवतंय त्याच्याच इंटरफेसवर नेटएम लावू नये, कारण तिथे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपल्या टीसीपीला खालच्या रांगेची जाणीव देत राहतो आणि खऱ्या वाटेवर तसं होत नाही. उशिरात चढउतार घातला तर नेटएम पॅकेटांचा क्रमही उलटसुलट करतं, आणि टीसीपी त्याला गळती समजतं. साधी अस्थिर लाइन बनवायला जावं आणि क्रम बिघडवणारी लाइन बनावी, असं होतं.

एवढं सांभाळलं की घरातून सर्व्हरकडे पिंग चालू ठेवायचा आणि थोड्या वेळाने आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाने अपलोड सुरू करायचं. पिंग १० वर स्थिर असतो. अपलोड सुरू झालं की तो २०, ५०, २०० असा चढत काही सेकंदांत हजाराच्या आसपास जातो, आणि मग तिथेच करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत राहतो. तो परत दहावर का येत नाही? लिनक्समधलं क्युबिक, म्हणजे टीसीपीचा वेग ठरवणारी पद्धत, गळती दिसली की आपली खिडकी, म्हणजे पोच न येता एका वेळी पाठवायच्या डेटाची मर्यादा, सत्तर टक्क्यांवर आणतं. त्या खिडकीतली दोनच पॅकेटं खरोखर वाटेत असतात, बाकी सगळी रांगेत. तेव्हा माघार घेऊनही रांग सत्तर टक्के भरलेलीच राहते आणि पिंग सातशेच्या खाली फारसा येत नाही. या सगळ्या काळात आयपर्फ मात्र पूर्ण २ एमबीपीएस दाखवत असतो. पिंग आणि आयपर्फ पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून हे पाहिलं की आजार अंगाने कळतो.

आता मोह होतो की रांग १० पॅकेटांची करू. या लाइनवर ते चालतंही, पिंग ७० च्या आत राहतो आणि वेगही पडत नाही. पण तीच दहाची रांग ५० एमबीपीएसच्या लाइनवर ठेवून २०० मिलिसेकंद दूरच्या सर्व्हरकडे पाठवा. ती वाट भरायला आठशेहून जास्त पॅकेटं लागतात, आणि दहाच्या रांगेत पहिली गळती झाली की वाटेचा मोठा भाग बराच वेळ रिकामा पडतो. रांगेची लांबी पॅकेटांत मोजणंच चुकीचं आहे.

निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये हीच गोष्ट पकडली. त्यांची कोडेल पद्धत रांगेत किती पॅकेटं आहेत हे विचारत नाही. प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं एवढंच ती पाहते. हा वेळ १०० मिलिसेकंदांच्या पूर्ण अवधीत एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर रांग साचून राहिलेली आहे असं समजून ती एक पॅकेट गाळते. तरीही रांग हटली नाही तर पुढचं पॅकेट थोडं लवकर, त्यापुढचं आणखी लवकर. क्षणभर आलेली झुंबड ती सोडून देते, कारण अशी झुंबड शोषून घेणं हेच बफरचं खरं काम आहे. एरिक डुमाझे यांनी त्याच वर्षी लिनक्स ३.५ मध्ये कोडेल आणलं, आणि सोबत एफक्यू-कोडेलही. हे प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे एकेका जोडणीच्या पॅकेटांना, १,०२४ पैकी एका वेगळ्या रांगेत घालतं आणि थोडीच पॅकेटं पाठवणाऱ्याला आधी वाट देतं. दोन्ही पद्धती जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८२८९ आणि ८२९० म्हणून आल्या. हे राउटरांत उतरवून, मोजून, लोकांच्या मागे लागून पसरवण्यात डेव्ह टॅट यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घातली. २०२५ मध्ये ते गेले. घरोघरच्या राउटरांत आज जे सुधारलंय त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

आपल्या प्रयोगात पीफिफो काढून एफक्यू-कोडेल लावा. अपलोड तसंच पूर्ण वेगाने चालतं आणि पिंग दहा ते वीसच्या पट्ट्यात येतो. एक बारकावा इथे लक्षात ठेवायचा. २ एमबीपीएसवर एकच पूर्ण पॅकेट बाहेर पडायला ६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ५ मिलिसेकंदांचं लक्ष्य गाठणं मुळातच अशक्य. अशा मंद लाइनवर लक्ष्य १५ च्या आसपास न्यावं, नाहीतर कोडेल उगाच गाळत बसतं. पुढे टोके हॉयलँड-यॉर्गन्सन यांचं फ्लेंट वापरावं. त्यातली आरआरयूएल चाचणी दोन्ही दिशांना एकाच वेळी अनेक प्रवाह सोडते आणि त्या भारात लेटन्सीचा आलेख काढते.

खऱ्या घरात अडचण अशी की फुगलेली रांग सहसा मोडेममध्ये असते आणि मोडेम आपल्या हातात नसतो. मग रांग आपल्या राउटरमध्ये ओढून आणावी लागते. २० एमबीपीएसच्या अपलोडला राउटरवर १८ ला बांधलं की मोडेमची रांग भरतच नाही, जी भरते ती आपली, आणि तिच्यावर एफक्यू-कोडेल किंवा लिनक्स ४.१९ पासून मिळणारं त्याच धर्तीचं केक बसवता येतं. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त प्रणालीतलं एसक्यूएम हेच करतं. दहा टक्के वेग सोडायला लोक तयार होत नाहीत, पण घरात दोघं कॉलवर आणि तिसरा अपलोड करत असेल तर हा सौदा मी डोळे झाकून करीन.

आता सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी, कारण मला सर्वांत जास्त कळकळ त्याचीच आहे. मंद नेटवर्कची चाचणी म्हणून बहुतेक ठिकाणी नेटएमवर २०० मिलिसेकंद उशीर आणि एक टक्का गळती असा एक साचा ठेवलेला असतो. तो लावून ॲप चालतं, चाचणी उत्तीर्ण होते. साताऱ्यातले आईवडील डब्लिनमधल्या मुलीशी व्हिडिओ कॉलवर आहेत आणि त्याच वेळी फोन लग्नाच्या फोटोंचा बॅकअप घेतोय, ही परिस्थिती त्या साच्यात बसत नाही. तिथे गळती जवळजवळ शून्य आणि उशीर दोन सेकंद असू शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे साच्यातला उशीर ठोकळ्यासारखा असतो. ॲपने काहीही केलं तरी तो २०० च राहतो. खरी रांग तुमच्या वागण्याला उत्तर देते. एक सेकंदात उत्तर आलं नाही म्हणून ॲपने विनंती पुन्हा पाठवली, तर पहिली विनंती रांगेत आहेच आणि दुसरी तिच्यामागे उभी राहते. उशीर वाढतो, त्यामुळे आणखी विनंत्या सुटतात. एका ग्राहकाच्या फोनवर ॲप गोठतं आणि सर्व्हरच्या नोंदीत एकाच व्यवहाराच्या चार विनंत्या सापडतात. ठरावीक उशिराच्या चाचणीत हा दोष दिसणं अशक्य आहे. तो दिसायला वेग बांधावा लागतो, त्यामागे खोल रांग ठेवावी लागते आणि शेजारी एक अपलोड चालू ठेवून मग ॲप उघडावं लागतं. चाचणीच्या यंत्रणेत एवढा बदल करायला अर्धा दिवस पुरतो.

मोबाइलवर मात्र हे इतकं सरळ नाही. तिथे लाइनचा वेगच क्षणाक्षणाला बदलतो, त्यामुळे वेग बांधायला एक आकडा मिळत नाही. एमआयटीत तयार झालेलं माहीमाही यासाठी उपयोगी आहे. प्रत्यक्ष मोबाइल लाइनवर पॅकेटं पुढे सरकायची संधी कोणत्या मिलिसेकंदाला मिळाली याची नोंद त्याला दिली की ते प्रयोगात तीच लय परत वाजवतं. नेमस्पेस हाताने जोडत बसायचा कंटाळा असेल तर सुरतकलच्या एनआयटीत बनलेलं नेस्ट पाहावं. पायथनच्या थोड्या ओळींत ते घर, राउटर, सर्व्हर उभं करतं आणि आलेखही काढून देतं. याच संस्थेतल्या गटाने लिनक्स ५.६ मध्ये एफक्यू-पाय ही रांग घातली आहे. एफक्यू-कोडेलशी तिची तुलना २ एमबीपीएसच्या लाइनवर स्वतः करून पाहण्यासारखी आहे.